सेनेटर्सचे मालक बदलले; आता जीएमही बदलावा का?

कालवाकाठ | १६ ऑक्टोबर २०२३

नमस्कार मंडळी. इथे ओटावा-टोरांटोकडचे बरेच जण आहेत, शिवाय भारतात पहाटे उठून एनएचएल, म्हणजे कॅनडा-अमेरिकेतली आइस हॉकी लीग, बघणारेही आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

ओटावा सेनेटर्सची विक्री गेल्या महिन्यात एकदाची पार पडली. आधीचे मालक यूजीन मेल्निक मार्च २०२२मध्ये वारले, संघ त्यांच्या मुलींकडे आला, आणि आता ९० टक्के मालकी मायकल ॲण्डलावर यांच्याकडे आलीय. व्यवहार साधारण ९५ कोटी अमेरिकी डॉलरचा. त्यांनी आल्या आल्या स्टीव्ह स्टेयॉस यांना हॉकी विभागाचे अध्यक्ष नेमलं. जनरल मॅनेजर मात्र पिएर डोरियनच, २०१६पासूनचे.

माझं मत सरळ आहे. डोरियनना बदला, आणि आत्ताच बदला. २०१७ला आपण स्टॅनली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीपासून एक गोल दूर होतो, त्यानंतर प्लेऑफचं (हंगामानंतरच्या बाद फेरीचं) तोंड पाहिलेलं नाही. पण माझा खरा मुद्दा निकालांचा नाही. ज्या जीएमला आपली खुर्ची किती दिवस टिकेल हेच माहीत नाही, तो पाच वर्षांनंतरचा संघ बांधत नाही, पुढचे पाच महिने कसे निघतील ते बघतो. डेब्रिंकॅट या खेळाडूसाठी २०२२च्या ड्राफ्टमधली (संघ नवे तरुण खेळाडू पाळीपाळीने निवडतात ती प्रक्रिया) सातव्या क्रमांकाची निवड दिली, वर आणखी दोन निवडी. तो एक हंगाम खेळला, लांबचा करार करायला तयार झाला नाही, डेट्रॉइटला गेला. चिकरनसाठी पुन्हा पहिल्या फेरीची निवड आणि दुसऱ्या फेरीच्या दोन. चिकरन चांगला खेळाडू आहे, वाद नाही. पण उद्याचं सगळं आज खर्च करणाऱ्या माणसाच्या हाती नवा मालक तिजोरी का ठेवतो, हे मला कळत नाही.

तुम्हाला काय वाटतं?

खडकीकर | १६ ऑक्टोबर २०२३

हॉकी हा शब्द दिसला म्हणून धावत आलो, म्हटलं आपल्या हॉकीवर कुणीतरी लिहिलं. ही तर बर्फावरची! असो. आलोच आहे तर बसतो. जीएम म्हणजे नक्की कोण? प्रशिक्षकाच्या वरचा का?

हिशेबनीस | १६ ऑक्टोबर २०२३

खडकीकर, बसा, बरं झालं आलात. प्रशिक्षक आहेत ते खेळाडू घेऊन सामने खेळतो. ते खेळाडू आणायचे कुठून, किती पैशांत, किती वर्षांसाठी, कोणाच्या बदल्यात, हे जीएम ठरवतो. प्रशिक्षक नेमणं-काढणं बहुधा त्याच्याच हातात. आणि एनएचएलमध्ये पगारावर कडक मर्यादा आहे. या हंगामात प्रत्येक संघाला ८.३५ कोटी डॉलर. मालक कुबेर असला तरी त्याच्यावर एक डॉलर जास्त नाही. म्हणून जीएमची चूक पैसे ओतून झाकता येत नाही, करार संपेपर्यंत ती संघाच्या मानेवर बसते.

आत्ताचंच बघा. शेन पिंटो हा आपला तरुण सेंटर अजून बिनकराराचा बसलाय, कारण त्याला द्यायला मर्यादेत जागाच उरली नाही. जागा का उरली नाही? जुलैत तारासेन्कोला एका वर्षासाठी ५० लाख दिले आणि गोलकीपर कोर्पिसालोला पाच वर्षांसाठी दोन कोटी. मी कालवाकाठ यांच्या बाजूने.

बर्फवेडी | १७ ऑक्टोबर २०२३

मी नाही. आधी हे लक्षात घ्या की डोरियननी काम कुणाच्या हाताखाली केलं. मेल्निक असताना खर्चाचा प्रत्येक पैसा मोजून मिळायचा. २०१८मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून, मालकाने संघ सोडावा म्हणून शहरात फलक लावले होते, ते मी रोज कामाला जाताना बघायचे. त्या काळात कार्लसन, मार्क स्टोन असे मोठे खेळाडू दुसऱ्या संघांना द्यावे लागले. हे डोरियनना हवं होतं म्हणून झालं का? त्यातही कार्लसनच्या बदल्यात सॅन होजेकडून जी निवड मिळाली तिच्यातून टिम श्ट्युट्झले आला, सोबत नॉरिस. त्याच ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर जेक सँडरसन. २०१८ला ब्रेडी कचक. बॅथरसन तर चौथ्या फेरीत मिळालेला. श्ट्युट्झले आणि सँडरसन आठ-आठ वर्षांसाठी बांधलेत, दोघंही साधारण ८० लाखांच्या आसपास. आणखी तीन वर्षांनी हे करार स्वस्त वाटतील.

हात बांधून पोहायला लावलं आणि आता हात सोडल्याबरोबर म्हणायचं की तू बाहेर ये? एक पूर्ण हंगाम द्या. मोकळ्या हाताने काय करतात ते बघा आणि मग ठरवा.

लीफवाला | १७ ऑक्टोबर २०२३

टोरांटोहून सर्व ओटावाकरांना सप्रेम नमस्कार. डोरियनना आणखी दहा वर्षं ठेवा, आमची काहीच हरकत नाही.

बर्फवेडी | १७ ऑक्टोबर २०२३

आले! १९६७नंतर कप कुठे ठेवलाय ते सांगा आधी.

पश्चिमघाट | १८ ऑक्टोबर २०२३

मला हॉकीतलं फार कळत नाही, मुलीमुळे बघायला लागलो. पण मालक बदलतो तेव्हा आत काय होतं ते जवळून पाहिलंय, म्हणून लिहितो.

चाकणजवळ मी ज्या कारखान्यात होतो तो बाहेरच्या एका कंपनीने विकत घेतला. जुने प्लांट हेड होते तसेच ठेवले. कुणी त्यांना जा म्हणालं नाही, राहा असंही म्हणालं नाही. त्यांच्या वर एक नवे साहेब आणून बसवले. पुढे काय झालं? खरेदीची फाइल प्लांट हेडच्या टेबलावर पडून राहायची, कारण त्यांना वाटायचं सही केली आणि वरच्यांना पटलं नाही तर? आम्ही खालचे लोक एकच प्रश्न दोघांना विचारायचो आणि सोयीचं उत्तर घेऊन कामाला लागायचो. प्रेसच्या डायची ऑर्डर अशीच लटकली. शेवटी जुनी डाय घासून घासून वापरली, आणि जॉब रिजेक्ट व्हायला लागले तेव्हा दोष कुणाचा हेही ठरेना. प्लांट हेड माणूस हुशार होता. त्यांना ठेवलं असतं तरी चाललं असतं, काढलं असतं तरी चाललं असतं. अधांतरी ठेवलं, ते वाईट झालं.

स्टेयॉस डोरियन यांच्या वर बसलेत असं वाचलं, आणि हेच आठवलं.

कालवाकाठ | १८ ऑक्टोबर २०२३

पश्चिमघाट, मला म्हणायचंय ते तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलंत. स्टेयॉस काही योगायोगाने आलेले नाहीत. ॲण्डलावर यांचा हॅमिल्टन बुलडॉग्ज हा ज्युनिअर संघ त्यांनीच चालवला, २०१८ आणि २०२२ला ओंटारिओ लीग जिंकून दिली. म्हणजे मालकाचा विश्वास कुणावर आहे ते लीगमधल्या प्रत्येक जीएमला ठाऊक आहे. मग डोरियनना फोन करणारा समोरचा जीएम मनात काय धरून बोलणार? हा माणूस घाईत आहे, याच्याकडून काढून घ्या.

रात्रपाळी | १९ ऑक्टोबर २०२३

पुण्याहून. आमच्याकडे पहाटे साडेचारला सामना लागतो, त्यामुळे मतं जरा झोपेतली असतील, पण उदाहरणं पक्की देतो.

बदलून फायदा झाला: टँपा बे. २०१०ला जेफ व्हिनिक यांनी संघ घेतला, हंगाम संपताच जीएम ब्रायन लॉटन यांना निरोप दिला, मे महिन्यात स्टीव्ह आयझरमन आणले. कुचेरॉव्ह दुसऱ्या फेरीत, पॉइंट तिसऱ्या फेरीत, या आयझरमन यांच्या काळातल्या निवडी. २०२० आणि २०२१चे कप त्या पायावर उभे राहिले.

न बदलून तोटा झाला: पिट्सबर्ग. फेनवे समूहाने २०२१च्या अखेरीस संघ घेतला, जीएम रॉन हेक्स्टॉल आणि हॉकी विभागाचे अध्यक्ष ब्रायन बर्क यांना तसंच ठेवलं, एप्रिल २०२३ला प्लेऑफ हुकल्यावर दोघांना काढलं. क्रॉस्बी, मल्किन, लेटँग यांच्या उतरत्या वयातला काळ हातचा गेला.

जुना_चाहता | १९ ऑक्टोबर २०२३

रात्रपाळी, उदाहरणं दोन्ही बाजूंची घ्या की. बफेलो विसरलात? टेरी पेगुला २०११च्या फेब्रुवारीत आले. जीएम डार्सी रेगियर यांना ठेवलं, २०१३ला काढलं. ठीक. मग मरे आले, गेले. बॉटरिल आले, गेले. आता ॲडम्स आहेत. २०११नंतर बफेलोने प्लेऑफ पाहिलेलं नाही. इतके जीएम बदलून काय झालं? मालकालाच काय हवंय ते ठाऊक नसेल तर खुर्चीत कुणीही बसवा.

आणि कॅरोलायना. टॉम डंडन यांनी जानेवारी २०१८ला संघ घेतला, मार्चमध्ये रॉन फ्रान्सिस यांना जीएमपदावरून हलवलं. पुढच्याच वर्षी संघ कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे उपांत्य फेरीला. सगळे म्हणाले, बघा, मालकाने काय जादू केली! पण सेबॅस्टियन आहोला निवडला कुणी? २०१५ला फ्रान्सिस यांनीच. लावणारा एक आणि फळं दुसऱ्याच्या टोपलीत, हे हॉकीत फार होतं.

मी १९९२पासून या संघाचा चाहता आहे, संघ परत आला त्या पहिल्या हंगामापासून. माझं म्हणणं एवढंच की नव्या मालकाला जुन्या माणसाच्या कामाचं खरं मोजमाप पहिल्या महिन्यात होत नाही.

खडकीकर | २० ऑक्टोबर २०२३

मला आता यात गोडी लागली. आमच्याकडे धनराज पिल्ले खडकीच्या मातीतून वर आले, इथे जुने लोक अजून त्यांच्या पळण्याच्या गोष्टी सांगतात. पण संघामागे टिकून राहणारा मालक आणि व्यवस्था आपल्या हॉकीला मिळाली नाही. हॉकी इंडिया लीग २०१३ला सुरू झाली, मुंबईचाही संघ होता, २०१७नंतर बंद पडली. तुमच्याकडे जीएम कोण यावर लोक रात्र जागवतात याचाच मला हेवा वाटतो.

बर्फवेडी | २० ऑक्टोबर २०२३

खडकीकर काका, इथे हॉकी खालपासून आहे म्हणून वर तेवढी चर्चा होते. माझा मुलगा दहा वर्षांचा, रविवारी सकाळी सहाला सराव. रिंकच्या बाकावर गुडघे टेकून त्याच्या स्केटच्या लेस ओढायच्या, घोट्यापाशी घट्ट आणि बोटांपाशी सैल, नाहीतर पाय बधिर होतात. माझी बोटं गारठलेली असतात आणि हा कचक या आठवड्यात कुणाशी भांडला ते सांगत असतो. या पोरांनी सेनेटर्सचा प्लेऑफ सामना कळत्या वयात पाहिलेलाच नाही. म्हणून राग मलाही येतो, कालवाकाठ. फक्त तो मी डोरियन यांच्यावर काढत नाही.

हिशेबनीस | २७ ऑक्टोबर २०२३

बातमी वाचली ना? पिंटोला सट्टेबाजीशी संबंधित प्रकरणात ४१ सामन्यांची बंदी. अर्धा हंगाम. यात जीएमचा दोष नाही, हे आधीच सांगतो, उगाच बिल फाडू नये. पण नव्या मालकाच्या पहिल्याच महिन्यात हे आलं.

रात्रपाळी | २ नोव्हेंबर २०२३

उठलो आणि बघतो तर सगळं उलटंपालटं. डोरियन यांचं जीएमपद गेलं. लीगने सेनेटर्सची पहिल्या फेरीची एक निवड जप्त केली. २०२४, २०२५ आणि २०२६ यांपैकी कोणत्या वर्षीची ते संघाने ठरवायचं. दादोनोव प्रकरण भोवलं.

खडकीकर | २ नोव्हेंबर २०२३

हे दादोनोव प्रकरण काय?

हिशेबनीस | २ नोव्हेंबर २०२३

नीट सांगतो, कारण अख्खा धागा या एका गोष्टीपाशी येऊन थांबतो.

काही खेळाडूंच्या करारात अट असते की ठरावीक संघांकडे मला माझ्या संमतीशिवाय पाठवायचं नाही. खेळाडू त्या संघांची यादी देतो. इव्हगेनी दादोनोवच्या करारात दहा संघांची अशी अट होती. जुलै २०२१ला ओटावाने त्याला व्हेगासला दिलं. मार्च २०२२ला, बदल्यांच्या शेवटच्या दिवशी, व्हेगासने त्याला ॲनाहाइमला दिलं. ॲनाहाइम त्याच्या यादीत होतं! व्हेगासचं म्हणणं, अशी चालू यादी आहे हे आम्हाला सांगितलंच गेलं नाही. लीगला तो सौदा रद्द करावा लागला. दोन संघ, एक खेळाडू आणि लीग, सगळे तोंडघशी पडले, तेही एका यादीपायी. चौकशी होऊन निकाल आत्ता आला.

ॲण्डलावर पत्रकार परिषदेत म्हणाले की विक्रीच्या वेळी या प्रकरणाचं गांभीर्य त्यांना सांगितलेलं नव्हतं. माणूस खरोखर चिडलेला दिसत होता, आणि का चिडू नये? घर घेतल्यावर कळलं की मागच्या मालकाची थकबाकी आपल्या नावावर चढलीय.

कालवाकाठ | २ नोव्हेंबर २०२३

स्टेयॉस तूर्त जीएमचंही काम बघणार. मला डोरियन यांच्याबद्दल वैर नाही, त्यांनी या संघासाठी अनेक वर्षं राबून काम केलं. पण कागद सांभाळणं हा या पदाचा गाभा आहे. निवड कुठल्या वर्षीची, अट कुठली, मुदत किती वाजता संपते. शिकागोमध्ये २००९ला डेल टॅलन यांच्या वेळी खेळाडूंना द्यायचे प्रस्ताव मुदतीत पोचले नाहीत, आणि महिन्याभरात त्यांच्या जागी स्टॅन बोमन आले.

जुना_चाहता | २ नोव्हेंबर २०२३

आणि २०१०चा कप टॅलन यांनी जमवलेल्या संघाने जिंकला, तेही लिहा कालवाकाठ.

मला आज वाईट वाटतंय ते निराळ्या कारणाने. डोरियन यांच्या कामाचं मोजमाप झालंच नाही. एका यादीवरून गेले. ते जायला हवे होते का, या मूळ प्रश्नाचं उत्तर यातून मिळत नाही.

बर्फवेडी | ३ नोव्हेंबर २०२३

अगदी. पण मीही एक मान्य करते की यानंतर ठेवणं शक्य नव्हतं. जप्त झालेली निवड म्हणजे एखादा सँडरसन असू शकतो.

लीफवाला | ३ मे २०२५

धागा वर काढतोय. प्लेऑफमधली टोरांटो-ओटावा मालिका सहा सामन्यांत संपली, आम्ही ४-२. पण खरं सांगतो, ३-० असताना झोपायला गेलो आणि ३-२ झाल्यावर झोप उडाली. चांगला संघ झालाय तुमचा. आमच्या पॅचिओरेटीचा तो निर्णायक गोल झाला नसता तर सातव्या सामन्यात काय झालं असतं सांगता येत नाही.

बर्फवेडी | ३ मे २०२५

धन्यवाद, लीफवाला. कनाटाला, ओटावाच्या उपनगरातल्या रिंगणात, गेलो होतो आम्ही सगळे. आठ वर्षांनी प्लेऑफ. मुलाचा आवाज बसलाय, आज शाळेची सुट्टी आहे म्हणून बरं.

आता माझा मुद्दा पुन्हा. या मालिकेत बर्फावर कोण होतं? कचक, श्ट्युट्झले, सँडरसन, बॅथरसन, पिंटो, ग्रेग, झुब, जिरू. सगळे डोरियन यांच्या काळातले. मी ऑक्टोबर २०२३लाच हे म्हणत होते.

कालवाकाठ | ३ मे २०२५

आणि गोलमध्ये कोण होतं? लिनस उल्मार्क. डोरियन यांनी पाच वर्षांसाठी बांधलेल्या कोर्पिसालोला बॉस्टनला देऊन, त्याच्या पगाराचा काही भाग स्वतः सोसून स्टेयॉस यांनी तो आणला. त्याआधी डोरियन यांनी गुस्ताव्हसनला मिनेसोटाला देऊन टॅलबट घेतला होता, डॅकॉर्ड सिॲटलला गमावला होता. गोलकीपर ही त्यांची कायमची दुखरी नस. प्रशिक्षक ट्रॅव्हिस ग्रीन स्टेयॉस यांचे. मार्चमध्ये नॉरिस देऊन कझन्स आणला, तेही स्टेयॉस. खेळाडू जमवणं हे एक काम, आणि त्यांतून जिंकणारा संघ करणं हे दुसरं. २०२२-२३ला ८६ गुण होते, यंदा ९७.

हिशेबनीस | ३ मे २०२५

मधला हंगाम गाळू नका. २०२३-२४ला ७८ गुण होते, म्हणजे बदलानंतर आधी खाली गेलो. डिसेंबरात प्रशिक्षक डी. जे. स्मिथ यांना काढलं, जॅक मार्टिन यांनी हंगाम ओढून नेला. ज्यांना वाटतं की जीएम बदलला की महिन्यात गुण वाढतात, त्यांनी हा आकडा बघावा. किंमत चुकवावी लागते, आणि मालकाने त्या वर्षात घाबरून पुन्हा बदल केला असता तर बफेलो झालं असतं. ॲण्डलावर थांबले, याचं श्रेय मी त्यांना देतो.

रात्रपाळी | ४ मे २०२५

युटाचंही बघा. रायन स्मिथ यांनी २०२४च्या एप्रिलमध्ये ॲरिझोनाचा संघ घेतला, सॉल्ट लेकला नेला, पण बिल आर्मस्ट्राँग यांना जीएम म्हणून ठेवलं. आणि नुसतं ठेवलं नाही, पहिल्याच उन्हाळ्यात सर्गाचेव्हसारख्या मोठ्या खेळाडूसाठी सौदा करू दिला. पश्चिमघाट यांनी लिहिलेलं अधांतरी ठेवणं तिथे झालं नाही.

पश्चिमघाट | ४ मे २०२५

माझं नाव निघालं म्हणून आलो. मुलगी आता कॅलगरीला शिकते, त्यामुळे माझी निष्ठा थोडी पश्चिमेला सरकली आहे, राग नसावा. प्रश्न मात्र मला अजूनही तोच वाटतो. ठेवायचं असेल तर पहिल्या दिवशी हातात किल्ल्या द्या. नसेल ठेवायचं तर पहिल्या दिवशी हात जोडून निरोप द्या. डोरियन यांना दोन्ही मिळालं नाही.

जुना_चाहता | ४ मे २०२५

पहिल्या दिवशी ठरवायला माहिती लागते, आणि ती विकणाऱ्याने ॲण्डलावर यांना पुरी दिली नव्हती. म्हणून मी म्हणतो, पहिला उन्हाळा येईपर्यंत थांबा. ड्राफ्टच्या खोलीत मालकाने जीएमशेजारी बसावं, तो नाही कशाला म्हणतो ते ऐकावं. संघ विकत घेतल्यानंतर तीन आठवड्यांत हंगाम सुरू झाला, तिथे कुणाचीच पारख होत नव्हती.

कालवाकाठ | ४ मे २०२५

काका, तो उन्हाळा येईपर्यंत फेब्रुवारी-मार्चच्या बदल्या होतात ना. त्यात तो माणूस काय देऊन बसेल याची हमी कोण घेणार? चिकरनचा सौदा मार्चमधलाच होता, आणि वर्ष-सव्वा वर्षात त्याला जेन्सन आणि तिसऱ्या फेरीच्या एका निवडीवर वॉशिंग्टनला द्यावं लागलं.

जुना_चाहता | ४ मे २०२५

मग थांबायचं, पण पहिल्या फेरीच्या निवडी मालकाच्या परवानगीशिवाय द्यायच्या नाहीत, एवढं लेखी घ्यायचं. माणूस तोवर आपलं बाकीचं काम दाखवेल. यात चूक काय?

कालवाकाठ | ४ मे २०२५

समोरच्या जीएमना ते आठवड्यात कळेल, आणि मग तुमच्या जीएमचा फोन कुणी उचलणार नाही. नाही, मला हे पटत नाही. पण लेखी अटीची गोष्ट आधी कधी कुठे झाली असेल तर सांगा, मला वाचायला आवडेल.